पीडितांचा कैवार आणि जातीची भिंत

नागपूर शहराने चौदा वर्षांच्या अंतराने दोन मोठे धार्मिक सोहळे पाहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आज दीक्षाभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यांच्या पाठोपाठ लाखो अस्पृश्यांनी जुन्या धर्माचा त्याग केला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरातील ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा ख्रिस्ती पंथ आपापले वेगळेपण विसर्जित करून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' या एका मंडळीत सामील झाले. पहिल्या घटनेने महाराष्ट्राचे समाजजीवन बदलले. दुसरीची आठवण त्या मंडळीच्या सभासदांपलीकडे फारशी कोणाला नाही.

या दोन घटनांचा परस्परांशी उघड असा संबंध नाही. तथापि त्या एकाच गावी घडल्या, एवढ्यावरूनच एक प्रश्न उभा राहतो. ज्या धर्माचा देव स्वतःला दीनदुबळ्यांचा कैवारी म्हणवितो, त्या धर्माच्या शाळा, दवाखाने आणि प्रार्थनामंदिरे या शहरात शतकाहून अधिक काळ उभी होती. असे असताना शहरातील सर्वांत मोठा पीडित समाज मुक्तीच्या शोधात निघाला, तेव्हा त्याने ते दार का ठोठावले नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ख्रिस्ती श्रद्धेचा मूळ दावा कोणता, तो येथे कितपत खरा ठरला आणि कोठे अडला, या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो. हा विचार ख्रिस्ती माणसापुरताच महत्त्वाचा आहे असे नाही. 'पीडित कोण' हे ठरविताना धर्म पाहावा की परिस्थिती, हा वाद भारतीय राज्यघटनेच्या अंमलबजावणीत आजही मिटलेला नाही.

मजुरी, गहाण आणि सरवा

पीडितांविषयी करुणा बाळगावी, असे सर्वच धर्म सांगतात. बायबलमधील विचाराचे वेगळेपण असे की, तेथे ही करुणा पुष्कळदा आर्थिक व्यवहाराच्या नियमांच्या रूपाने येते. जुन्या करारातील मूळ कथाच मुळी वेठबिगारांच्या सुटकेची आहे. मिसर देशात विटा पाडणाऱ्या गुलामांचा आक्रोश देवाच्या कानी गेला आणि तो त्यांची बाजू घेऊन राजसत्तेविरुद्ध उभा राहिला, या कथेभोवती इस्राएल लोकांची सारी धर्मस्मृती गुंफलेली आहे. पुढे या लोकांना जे नियम घालून दिले गेले, त्यांच्या मागे 'तुम्हीही एके काळी गुलाम होता' हीच आठवण कारण म्हणून उभी आहे.

हे नियम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावेत असे आहेत. रोजंदारीच्या मजुराचे पैसे सूर्य मावळण्यापूर्वी द्यावेत, कारण त्याचा जीव त्या पैशांवर टांगलेला असतो. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल, तर ते रात्र पडण्यापूर्वी परत करावे. पीक कापताना शेताच्या कडा सोडून द्याव्यात आणि खाली पडलेली कणसे पुन्हा वेचू नयेत. तो सरवा विधवेचा, अनाथाचा आणि परक्याचा. सातव्या वर्षी कर्जे माफ करावीत. पन्नासाव्या, म्हणजे योबेलच्या वर्षी, विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी. यांपैकी योबेलचा नियम प्रत्यक्षात कितपत पाळला गेला, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. तरीही त्यामागील तर्क स्पष्ट आहे. कर्ज आणि जमीन यांचे व्यवहार मोकाट सोडले, तर दोन पिढ्यांत समाजाचे सावकार आणि कुळ असे दोन तुकडे होतात, हे त्या नियमकर्त्यांना कळलेले होते.

महाराष्ट्रातील वाचकाला हा तर्क परका वाटण्याचे कारण नाही. १८७५ मध्ये सुपे येथून पेटलेले शेतकऱ्यांचे दंगे कर्जरोख्यांविरुद्ध होते आणि त्यांतूनच १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्यावर २००८ आणि २०१७ मध्ये कर्जमाफी जाहीर करावी लागली. कर्ज एकदा माफ करून भागत नाही, शेतकऱ्याचे जमिनीशी आणि पतपुरवठ्याशी असलेले नातेच नव्याने बसवावे लागते, हा त्या दोन्ही अनुभवांचा धडा आहे. योबेलच्या कल्पनेत कर्जमुक्ती आणि जमिनीची परतफेड यांची सांगड घातलेली आढळते ती उगाच नव्हे.

पुढे आमोस आणि यशया या संदेष्ट्यांनी याच मुद्द्यावर राजांना आणि पुरोहितांना धारेवर धरले. माप खोटे ठेवणारा व्यापारी आणि गरिबाला जोड्याच्या मोलाने विकणारा धनिक यांची पूजाअर्चा देवाला नकोशी झाली आहे, असे आमोसने सांगितले. नव्या करारात येशूने नासरेथच्या सभास्थानात आपल्या कार्याचा आरंभ केला तो यशयाच्याच वचनाने, आणि त्या वचनात दीनांना सुवार्ता व ठेचलेल्यांना मोकळीक हीच घोषणा होती. मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या दृश्यात तर भुकेल्याला अन्न दिले की नाही, उघड्याला वस्त्र दिले की नाही, तुरुंगातल्याची भेट घेतली की नाही, एवढेच विचारले जाते. उपासना किती केली, याची चौकशी तेथे नाही. ख्रिस्ती श्रद्धेला जोखायचे झाले, तर हा तिने स्वतःच मान्य केलेला मापदंड आहे. तो वापरण्यात तिच्यावर अन्याय होत नाही.

नागपुरातील आरंभ

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले, तेव्हा येथे अद्याप भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी शाळा काढली, परिसरातील भूगर्भाचा अभ्यास केला आणि गोंड लोकांची भाषा, गीते व चालीरीती यांची टिपणे केली. १८६३ मध्ये टाकळघाट येथील पुराणवस्तू पाहून परत येत असता पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांची गोंडविषयक टिपणे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. १८८३ मध्ये स्थापन झालेले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने आजही चालू आहे. कॅथलिकांकडून फ्रान्समधील आनसी येथील सेंट फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे धर्मगुरूही याच सुमारास मध्य भारतात आले आणि १८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. शिक्षण आणि स्त्रियांसाठी वैद्यकीय सेवा या दोन क्षेत्रांत या शहरावर मिशनांचे ऋण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु या कामाची दिशा प्रथमपासून पीडितांकडेच होती, असे म्हणता येणार नाही. स्कॉटिश मिशनांवर अलेक्झांडर डफ यांच्या विचारांचा पगडा होता. वरच्या वर्गांना इंग्रजी उच्च शिक्षण द्यावे, म्हणजे नवा विचार हळूहळू खाली झिरपेल, अशी त्यांची अपेक्षा होती. वरून खाली झिरपणाऱ्या विकासाचा सिद्धांत अर्थशास्त्रात पुढे शंभर वर्षांनी बदनाम झाला. शिक्षणाच्या क्षेत्रात त्याचा अनुभव त्याआधीच येऊन चुकला होता. मिशनच्या शाळांतून वकील, कारकून आणि मामलेदार निर्माण झाले. ख्रिस्ती फारच थोडे झाले, आणि अस्पृश्यांची मुले त्या वर्गांत क्वचितच दिसली.

पीडितांकडे मिशनचे लक्ष वळले ते बऱ्याच अंशी पीडितांनी स्वतः होऊन ते वळविल्यामुळे. अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले आणि तेथील खेड्यांतून महार व मांग कुटुंबे मिशनकडे येऊ लागली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर ही संख्या वाढली. ज्या समाजाला पाणवठा बंद, शाळा बंद आणि गावकीची वेठ मात्र चुकत नाही, त्या समाजाला देव आपली बाजू घेतो हे ऐकणे नवे होते, आणि ते सांगणारा माणूस आपल्या अंगणात बसतो हे त्याहून नवे होते. याच अहमदनगरात सिंथिया फरार या अमेरिकन बाईंच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. जोतीरावही पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेतून शिकले होते. दोघांपैकी कोणीही ख्रिस्ती झाले नाही. मिशनच्या शाळेचे सर्वांत मोठे फळ धर्मांतराच्या आकड्यांत मोजता येत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

दुष्काळातील मुली आणि रमाबाई

या कैवाराचा महाराष्ट्रातील सर्वांत समर्थ आविष्कार परदेशी मिशनऱ्याच्या हातून झाला नाही. तो घडविला पंडिता रमाबाईंनी. त्या १८५८ साली जन्मल्या. तरुणपणी मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा महाराष्ट्रात मोठे काहूर उठले. त्या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य जोतीरावांनी १८८५ च्या 'सत्सार' मध्ये दाखविले. १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईस विधवांसाठी 'शारदा सदन' काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः त्या मुलखात हिंडल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व विधवा यांना त्यांनी आपल्याकडे आणले. केडगावचे 'मुक्ती' सदन या मुलींनी भरले. दुष्काळात अन्नाचा तुटवडा सर्वांना सारखा जाणवत नाही. ज्याच्या हातात मजुरी नाही, जमीन नाही आणि ज्याच्यामागे नातलगही उभे नाहीत, त्याच्या वाट्याला धान्य येत नाही, ही गोष्ट अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये शास्त्रीय पद्धतीने मांडली. रमाबाईंनी ती आपल्या घरात सोसली होती. म्हणूनच त्यांनी या मुलींना अन्न देऊन परत पाठविले नाही. त्यांना शेती, विणकाम, छपाई यांसारखे उद्योग शिकविले. दुष्काळ सरल्यावर ज्या घराने मुलीला टाकले, त्याच घरी तिला पुन्हा जावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता. शेवटी शेवटी त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही साध्या बाईमाणसाला कळावे अशा सोप्या मराठीत. १९२२ साली त्यांचे निधन झाले.

अशा कामावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, भुकेल्याला भाकरी दाखवून त्याचा धर्म बदलला गेला. आक्षेपाचा एक भाग गंभीर आहे. राज्यकर्ते आणि धर्मप्रचारक एकाच वंशाचे असताना मदत घेणाऱ्याची संमती पूर्णपणे मोकळी होती, असे कोणी म्हणू शकणार नाही. पण आक्षेपाचा दुसरा भाग तपासून पाहावा लागतो. गरीब माणसाला पोट असते, मात्र विवेक नसतो, हे गृहीत धरल्याखेरीज तो पूर्ण होत नाही. दुष्काळ संपल्यावरही जी कुटुंबे तीन-चार पिढ्या नव्या धर्मात राहिली, गावकीचा बहिष्कार सोसूनही राहिली, त्यांच्या निष्ठेचा खुलासा धान्याच्या पायलीने होत नाही.

परावलंबनाची टीका मात्र ख्रिस्ती समाजाच्या आतूनच अधिक प्रखरपणे झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा ख्रिस्ती धर्माशी पहिला परिचय नागपूर-राजनांदगाव परिसरातील वास्तव्याच्या काळात झाला आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनमध्ये वीसाहून अधिक वर्षे काढल्यावर १९१७ मध्ये ते त्यातून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. गोऱ्या साहेबाच्या कृपेवर अवलंबून राहणारी मंडळी या मातीत रुजणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. पीडिताला वर उचलणारा हात त्याच्या खांद्यावर कायमचा राहिला, तर ते उचलणे अपुरे राहते, हे ओळखणारी माणसे त्या काळीही होती.

जाईबाईंची नोकरी

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर नागपूरच्याच इतिहासात सापडते. १८९२ साली उमरेड येथे महार कुटुंबात जन्मलेल्या जाईबाई चौधरी या तरुणपणी नागपूर-कामठी परिसरात हमालीचे काम करीत. एका मिशनरी बाईंनी त्यांची हुशारी हेरली, त्यांना लिहावाचावयास शिकविले आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. येथपर्यंतची कथा ख्रिस्ती कैवाराची उत्तम साक्ष आहे. पुढे शाळेतील बाई अस्पृश्य जातीच्या आहेत हे पालकांना कळले. त्यांनी मुले काढून घेण्यास सुरुवात केली आणि जाईबाईंना नोकरी सोडावी लागली. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची स्वतःची शाळा काढली. त्यांचे पुढील आयुष्य दलित चळवळीत गेले.

ज्या संस्थेने अक्षर दिले, तिला त्या अक्षराच्या जोरावर मिळालेली जागा राखता आली नाही. एका शाळेतील एका नेमणुकीची ही हकीकत अपवाद असती, तर तिच्यावर थांबण्याचे कारण नव्हते. परंतु जातीपुढे माघार घेण्याची ही सवय देशभर दिसून येत होती. गोव्यात धर्म बदलून चार शतके झाली, तरी बामण, चाड्डी आणि शूद्र हे भेद ख्रिस्ती समाजात टिकून राहिले. तमिळ प्रदेशात देवळात वेगळ्या जागा आणि मेल्यावर वेगळे दफन हा रिवाज होता. तिरुचिरापल्लीच्या एका स्मशानात तर दोन जातींच्या थडग्यांमध्ये भिंतच घातलेली आहे.

१९३५ च्या ऑक्टोबरात येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा ख्रिस्ती धर्मोपदेशकांनीही त्यांच्याशी संपर्क साधला. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांची स्थिती बाबासाहेबांनी बारकाईने अभ्यासिली होती आणि त्याविषयी सविस्तर लिहूनही ठेवले होते. त्यांच्या टीकेचा गाभा दुहेरी होता. धर्मांतरानंतरही मंडळीत जात राहिली, आणि मिशनऱ्यांनी बाप्तिस्म्यालाच आपले काम पुरे झाले असे मानून नव्या ख्रिस्त्याला सामाजिक अन्यायाविरुद्ध लढावयास शिकविले नाही. पाप आणि तारण यांच्या भाषेत दुःखाचा उगम माणसाच्या अंतःकरणात शोधला गेला. गावच्या पाणवठ्यावर आणि महार वतनाच्या वेठीत त्याचा शोध घेण्याचे काम मागे पडले. १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर जे घडले, त्यामागे अर्थातच अनेक कारणे होती. बौद्ध विचाराचे स्वतःचे सामर्थ्य त्यांत सर्वांत मोठे होते. परंतु ख्रिस्ती दार बाजूला राहिले याचे एक कारण त्या दाराच्या आतील जातीची भिंत हे होते, हे मान्य करावेच लागेल.

तिसऱ्या परिच्छेदाचा पेच

स्वातंत्र्यानंतर या कथेत राज्यसंस्थेचा प्रवेश झाला. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींविषयीचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नाही. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश करण्यासाठी या परिच्छेदात दुरुस्ती झाली. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींच्या आदेशात मात्र धर्माची अशी अट नाही. गडचिरोलीतील गोंड ख्रिस्ती झाला तरी कायद्याने आदिवासीच राहतो. उमरेडचा महार ख्रिस्ती झाला, तर त्याची अनुसूचित जात संपते.

ही अट माणसाच्या आयुष्यात काय करते, हे नागपूरच्या बौद्ध समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. पण केंद्राच्या नोकऱ्यांत आणि केंद्रीय संस्थांत त्यांना तीस वर्षे थांबावे लागले. रेल्वे, पोस्ट, केंद्रीय कार्यालये यांनी गजबजलेल्या या शहरात दीक्षा घेतलेल्या बापाच्या मुलाला अर्जातील धर्माच्या रकान्यापाशी हात थांबवावा लागला होता. नवा धर्म मनापासून पत्करलेल्या माणसाला कागदावर तो लपविण्याचा मोह पडावा, अशी ही व्यवस्था होती. ख्रिस्ती दलितांच्या बाबतीत ती अजूनही तशीच आहे.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर मद्रासच्या सूसाई नावाच्या चांभाराचे प्रकरण आले. रस्त्याच्या कडेला बसून काम करणाऱ्या चांभारांना सरकारने टपऱ्या दिल्या. सूसाई आदिद्रविड, परंतु ख्रिस्ती, म्हणून त्याला ती मिळाली नाही. न्यायालयाने असे म्हटले की, धर्मांतरानंतर जात टिकते एवढे दाखविणे पुरेसे नाही. तिच्यामुळे येणारी अपात्रता नव्या समाजातही तेवढ्याच तीव्रतेने जाणवते, हे पुराव्याने सिद्ध झाले पाहिजे. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून अलग करावा अशी शिफारस केली. आयोगाच्या सदस्य-सचिवांनी त्यावर भिन्नमत नोंदविले. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग दोन वर्षांच्या मुदतीने नेमला आणि ती मुदत पुढे वाढवावी लागली.

या मागणीविरुद्धचे युक्तिवाद हलके लेखण्याजोगे नाहीत. पहिला असा की, ख्रिस्ती धर्म जात मानत नाही, मग जातीच्या आधारे सवलत कशी मागता? यावर उत्तर असे की, शिकवणीत जात नसणे आणि व्यवहारात जात नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बौद्ध आणि शीख धर्मही जात मानत नाहीत. शेतमालक, घरमालक आणि सफाईचे कंत्राट देणारा मुकादम समोरच्या माणसाला बाप्तिस्म्याचा दाखला विचारीत नाहीत. त्यांना त्याची वस्ती आणि आडनाव पुरते.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. जागा मर्यादित आहेत. नवे दावेदार आले, तर आज त्या जागांवर अवलंबून असलेल्या हिंदू आणि बौद्ध दलितांचा वाटा घटेल. विशेषतः मिशनच्या शाळांचा लाभ मिळालेली कुटुंबे स्पर्धेत पुढे जातील, ही भीती निराधार म्हणता येत नाही. एका पीडिताच्या ताटातून काढून दुसऱ्याला वाढणे हा न्याय नव्हे. परंतु १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या अंतर्गत उपवर्गीकरणाला मान्यता दिली आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा हिस्सा ठेवला आणि एकूण टक्केवारी त्या मानाने वाढविली, तर कोणाचेही नुकसान न होता मार्ग निघू शकतो. तो काढावयाचा की नाही, हा संसदेच्या इच्छाशक्तीचा प्रश्न आहे. शिवाय अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे संरक्षण मिळण्यात तर जागांची वाटणीच नाही. तेथे धर्माची अट कोणत्या न्यायाने लावावी, याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

आतला हिशेब

तथापि सरकारकडे बोट दाखवून ख्रिस्ती संस्थांची सुटका होत नाही. अनुसूचित जातीचा दर्जा मागणे म्हणजे आपल्या मंडळीत जात आहे, अशी कबुली देणे होय. ही कबुली उशिराने का होईना, दिली गेली. १९८१ मध्ये मराठी ख्रिस्ती परंपरेतून आलेले अरविंद निर्मळ यांनी बंगळूरच्या धर्मविद्यालयात उच्चवर्णीय ख्रिस्ती चिंतनाला आव्हान दिले आणि त्यातून पुढे दलित ईश्वरविद्येचा प्रवाह सुरू झाला. मिसरमधील गुलामांप्रमाणे दलितांचे दुःख हेच देवाच्या ओळखीचे स्थान आहे, आणि यशयाने रंगविलेला तुच्छ लेखलेला सेवक हा झाडूवाल्याच्या आणि धोब्याच्या पंगतीत बसणारा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दक्षिण अमेरिकेत गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या मुक्तीच्या ईश्वरविद्येने वर्ग पाहिला होता. निर्मळांनी जात पाहिली. या दृष्टीमागे १९७२ नंतर महाराष्ट्रात उसळलेल्या दलित साहित्याचे आणि दलित पँथरचे वातावरण होते, हेही विसरता कामा नये. ख्रिस्ती विचाराला जातीविषयी बोलावयास शिकविले ते बऱ्याच अंशी ज्यांनी ते दार नाकारले त्यांनीच.

२०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर करताना चर्चमधील जातिभेद मान्य केला. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल झाले. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण रमाबाईंच्या मापाने मोजावयाचे, तर विचारावे लागते ते निराळेच. नागपूरसारख्या शहरात मिशनच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठित इंग्रजी शाळांत झोपडपट्टीतील किती मुलांना प्रवेश मिळतो आणि त्यांची फी कोण भरतो? जुन्या मिशनच्या मोक्याच्या जमिनींचे जे व्यवहार होतात, त्यांतील किती पैसा ज्यांच्यासाठी त्या जमिनी घेतल्या गेल्या त्यांच्यापर्यंत पोहोचतो? शाळेतील शिपाई, दवाखान्यातील आया आणि आवार झाडणारी कंत्राटी बाई यांना किमान वेतन वेळेवर मिळते काय?

सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्यावी, असे ज्या धर्मग्रंथात लिहिले आहे, त्याचा मान राखणाऱ्या संस्थांना हे प्रश्न बाहेरच्यांनी विचारावे लागू नयेत. त्यांची उत्तरे त्यांनी आपल्या वार्षिक हिशेबात छापावीत, आणि प्रवेशाची व नेमणुकीची आकडेवारी जातवार प्रसिद्ध करावी. राज्यसंस्थेनेही पन्नास सालचा तो परिच्छेद बालकृष्णन आयोगाच्या निष्कर्षांच्या उजेडात, मतांची गणिते बाजूला ठेवून, तपासून पाहावा. या दोन्ही गोष्टी होतील, तेव्हा जाईबाईंसारख्या एखाद्या शिक्षिकेला आपली जागा सोडून जावे लागणार नाही, मग तिने कोणत्याही देवाला हाक मारलेली असो.